साप नको, त्याचं जेवण शोध

शनिवार, आरे

मुंबईत साप बघायला जायचं म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे नॅशनल पार्कात पार आत जायचं का?" पार आत जाऊन मी आजवर चिखल, डास आणि दुसऱ्या दिवशीची अंगदुखी एवढंच जास्त पाहिलंय. म्हणून या खेपेला मावसभावाच्या म्हणण्याप्रमाणे चालायचं ठरवलं. तो सर्पमित्र आहे, वनखात्याकडे रीतसर नोंद असलेला. रात्री-बेरात्री कुणाच्या बाथरूममधून धामण, कुणाच्या जिन्याखालून नाग काढत फिरतो. त्याने सुरुवातीलाच सांगितलं, "ताई, सापाच्या मागे लागायचं नाही. तो काय खातो ते बघायचं, आणि ते जिथं मिळतं तिथं जाऊन बसायचं."

यादी छोटी होती. फॉर्स्टेनचा मांजऱ्या, पोवळा, खापरखवल्या आणि कांदळवनात राहणारा जेरार्डाचा पाणसाप. नाग, घोणस, मण्यार, फुरसं या चौघांना यादीत जागा नव्हती, दिसलेच तर लांबून नमस्कार. दुसरी अट अशी की कशालाही हात लावायचा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा धाक आहेच, पण भावाचं कारण जास्त साधं होतं. हातात आलेला साप जेवत नाही, फिरत नाही, फक्त सुटायला बघतो. मग त्यात बघायचं काय?

गोरेगाव स्टेशनवरून बस धरून आरेत उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. आरेत २७ पाडे आहेत. त्यातल्या एका पाड्यावरचे काका भावाच्या जुन्या ओळखीचे. काकू ओसरीवर टाकळा निवडत बसल्या होत्या. चहा झाला, आणि काकांनी आम्हाला कुठल्याही रानात न नेता घरामागच्या उंबराखाली नेऊन उभं केलं.

"ऐका," म्हणाले.

वर बुलबुलांनी गिल्ला केला होता. पाच-सहा बुलबुल, एक दयाळ, दोन शिंजीर, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं एक ढोली होती. काका म्हणाले, सकाळपासून हेच चाललंय. दुर्बिणीतून आधी नुसता काळोख दिसला, मग त्यातच तपकिरी अंगाचं एक वेटोळं आणि त्यावरचे गडद आडवे पट्टे.

फॉर्स्टेनचा मांजऱ्या रात्री फिरतो. पक्षी, त्यांची अंडी, वटवाघळं, सरडे हे त्याचं खाणं, त्यामुळे तो जमिनीवर शोधून उपयोग नाही. पण रात्रीचा हा प्राणी दिवसा पक्ष्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि पक्षी गप्प बसत नाहीत. म्हणजे बुलबुलांचं भांडण ऐकायला आलं की अर्धं काम झालं. एवढी सोपी गोष्ट मला कुणी आधी का सांगितली नाही, कोण जाणे. बहुतेक सगळे माझ्यासारखेच खाली बघत चालत असावेत.

अंधार पडता पडता पक्षी कंटाळून पांगले. त्यानंतर कितीतरी वेळ काहीच घडलं नाही. डासांनी मात्र त्यांचं काम सोडलं नाही. मग ढोलीच्या कडेवर डोकं आलं. मानेपेक्षा बरंच रुंद, डोळे मोठे, बाहुली उभी. भावाने टॉर्च थेट न मारता शेजारच्या पानांवर मारला आणि त्या उजेडात साप बाहेर येताना दिसला. आधी मानेचा हातभर भाग हवेत सरळ, कशाचाही आधार न घेता, पुढच्या फांदीचा अंदाज घेत. जीभ दोनदा आत-बाहेर. मग समोरच्या फांदीला हनुवटी टेकली आणि मागचं अंग सावकाश येत राहिलं, येतच राहिलं. काकांच्या उंचीहून लांब असणार. शेपूट ढोलीतून निघेपर्यंत डोकं पानांत दिसेनासं झालं होतं.

परतताना आरेच्या मोठ्या रस्त्याच्या कडेने आलो. गोरेगाव ते पवई-मरोळ असा हा रस्ता शॉर्टकट म्हणून सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे रात्रीही गाड्या थांबत नाहीत. तिथं डांबरावर पोवळा मिळाला. मेलेला. दीड वीत लांब, करंगळीहूनही बारीक, वरून फिकट तपकिरी. डोकं काळं आणि त्यावर पिवळे ठिपके. शेपटीवर दोन काळी वळी. जिवंत असता तर धोका वाटताच त्याने शेपूट वर वळवून खालचा निळसर-लालसर रंग दाखवला असता. टायर मधोमध गेलं होतं. डोकं शाबूत, शेपूट शाबूत.

"वाळ्यांच्या मागं आला असंल," काका म्हणाले. "पाणी शिरलं की वाळे वर निघतात."

वाळा म्हणजे तो गांडुळासारखा दिसणारा बारीकसा साप, तळमजल्याच्या बाथरूममध्ये पावसाळ्यात हमखास निघणारा. मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो. या जातीत सगळ्या माद्याच असतात, नराची गरजच पडत नाही. पोवळ्याचं पोट या वाळ्यांवर चालतं. वाळे आमच्या सोसायटीतही ढिगाने आहेत. तेव्हा पोवळाही आपल्याला वाटतो त्यापेक्षा जवळ असणार, फक्त तो मातीखाली असतो आणि वर येतो तो नेमका गाड्यांच्या वेळेला. भावाने फोटो काढला, शेजारी मोजपट्टी ठेवून. मेलेल्या सापाचीही नोंद होते.

रविवार, बोरिवली

राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर, आणि रविवारी पावसात त्यातल्या पहिल्या दोन किलोमीटरवर निम्मी मुंबई असते. कणसं, छत्र्या, रील. आम्ही परवानगी काढून वाटाड्यासोबत ओढ्याकाठच्या पायवाटेने गेलो.

आज बेडूक शोधायचे होते, म्हणजे चापडा शोधायचा होता. इंग्रजीत ज्याला बांबू पिट वायपर म्हणतात तो हिरवा विषारी साप. तो दुर्मीळ नाही, यादीतही नव्हता. पण भावाच्या मते माझी नजर आधी त्याच्यावर घासायला हवी होती, कारण हिरव्यात हिरवं दिसायला लागलं की बाकीचं आपोआप दिसतं.

डोंगरउतारावरची कारवी २०२४ साली फुलून गेली. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग मरते. इथं त्याआधी २०१६ला फुलली होती. त्यामुळे आता जुन्या काड्या वाळून उभ्या होत्या आणि खाली नवी रोपं दाटलेली. ओढ्यात बेडकांचा आवाज जिथं सर्वात जास्त होता तिथं थांबलो. वाटाड्याने बोट न दाखवता म्हटलं, "शोधा." मी समोर बघत राहिले. चापडा माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, हाताच्या अंतराहून थोडा लांब, एका काडीला वेढा घालून बसला होता आणि त्याचं तोंड ओढ्याकडे होतं. दिसल्यावर मात्र नजर हटेना. त्रिकोणी डोकं, आणि डोळा व नाकपुडी यांच्या मधला तो खळगा. अंगाची ऊब ओळखण्याचं इंद्रिय ते.

भाऊ फक्त म्हणाला, "ताई, गुडघा मागे."

आपल्याकडे मिळणारं सर्पदंशाचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषापासून बनतं. चापडा त्यात नाही. त्याच्या चाव्याने सहसा जीव जात नाही, पण सूज आणि वेदना सोसाव्या लागतात, आणि उपचार लक्षणं बघूनच करावे लागतात. गमबूट घालून गेले होते, पण गमबूट गुडघ्याखाली संपतो.

सोमवार ते बुधवार

ऑफिस. पाऊस नुसता ओतत होता.

गुरुवार, गोराई

दिव्यांची अवस. घरोघरी दिवे घासूनपुसून पूजा, आणि काही घरांत श्रावण लागायच्या आत उरकायचा दुसरा कार्यक्रम. आम्ही अमावास्या निवडली ती ओहोटीसाठी. अमावास्येला आणि पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास असते आणि पाणी संध्याकाळी सहाच्या सुमारास पार खाली जातं. म्हणजे उजेड असतानाच चिखल उघडा पडतो आणि अंधार पडता पडता पाणी परत चढू लागतं. खाडीतल्या सापांची हीच जेवणाची वेळ.

बोरिवलीच्या बाजूने लाँच पकडून पलीकडे गेलो. समुद्रातली यांत्रिक मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, त्यामुळे मोठ्या होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली. खाडीतलं किरकोळ काम मात्र चालू असतं. ज्या मावशींकडे गेलो त्यांचं फग टाकून चिंबोऱ्या धरण्याचं काम. मुलगा होडी वल्हवतो, मावशी फग टाकतात आणि बोलतात. बोलणंच जास्त.

"साप बगाला आयलीस?" त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक बघून विचारलं. "आमी तं त्याना बगून बगून थकलो."

जेरार्डाचा पाणसाप हा माझ्या यादीतला सगळ्यात आवडता. कारण त्याचं जेवणाचं तंत्र. साप भक्ष्य अख्खं गिळतो, तोडत नाही, त्यामुळे जे जबड्यात मावत नाही ते त्याच्यासाठी खाणंच नाही. हा साप मात्र नुकती कात टाकलेली, कवच मऊ असलेली चिंबोरी धरतो, स्वतःच्या अंगाचा फास तिच्याभोवती आवळतो आणि तोंडाने ओढून तिचे तुकडे करतो. अमेरिका आणि सिंगापूरच्या अभ्यासकांच्या गटाने हे टिपून २००२ साली प्रसिद्ध केलं. मुंबईच्या किनाऱ्यावरून या सापाच्या नोंदी आहेत, पण भरतीच्या खुणेखालच्या चिखलात रात्री कोण जातं? ज्यांचं पोट चिंबोऱ्यांवर चालतं तेच.

तिवरांच्या मुळांमध्ये होडी लावली आणि थांबलो. निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, चिखलावरून उड्या मारत होत्या, दोन नर पंखे उभारून एकमेकांवर धावून जात होते. अंधार पडला तसा त्यांच्यामध्ये पहिला साप दिसला, श्वानमुखी. या सापाचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे अख्खं अंग पाण्यात ठेवून तो फक्त बघण्यापुरता वर येतो. पाण्याचं एक डबकं, त्यात अडकलेली छोटी मासळी, आणि डबक्याच्या तोंडाशी हा. मग दुसरा, तिसरा. चिखलावरून जाताना हे साप सरळ सरपटत नाहीत, चिखल भुसभुशीत असल्यामुळे अंगाचे वळसे आडवे टाकत तिरके सरकतात. टॉर्चच्या उजेडात मागे उरलेल्या तिरक्या रेघा एकामागून एक स्पष्ट दिसत होत्या.

मी डोकावायला कडेवर हात टेकला तशा मावशी ओरडल्या, "पान्यान हात घालू नको गो!" समुद्री सापही भरतीबरोबर खाडीत शिरतात आणि त्यांचं विष जहाल असतं. कोळ्यांना हे जाळ्यातून साप सोडवता सोडवता कळलेलं असतं. मी हात मांडीवर ठेवला तो किनाऱ्याला लागेपर्यंत.

जेरार्डा दिसला नाही. मावशींना वर्णन सांगितलं, चकचकीत, करडा-तपकिरी, डोळे लहान, चिंबोरीच्या बिळाशी बसणारा. त्या म्हणाल्या, असा असतो एक, चिंबोऱ्या नासवतो मेला. मोबाईल नंबर देऊन आले आणि मिळालाच तर फोटो काढा म्हणून दोनदा बजावलं.

शनिवार, माथेरान

दादरहून कर्जत लोकल, नेरळला उतरून टॅक्सीने दस्तुरी नाका. पावसाळ्यात नेरळहून मिनी ट्रेन बंद असते, अमन लॉजपासून वर तेवढी शटल चालते. आम्ही चालतच निघालो, कारण आज गांडुळं शोधायची होती.

खापरखवल्या जन्म जमिनीखाली काढतो. डोकं निमुळतं, टोकदार, डोळे नावापुरते. शेपूट मात्र तिरकं छाटल्यासारखं बोथट, आणि तिच्या टोकावर जो कडक खवला असतो तो वज्रीसारखा खरखरीत. त्याच्यावर माती चिकटून बसते आणि बिळाला मागून बूच बसतं. खाणं जवळपास सगळं गांडुळांचं. सह्याद्री आणि दक्षिणेकडचे डोंगर, श्रीलंका सोडून हे कूळ जगात कुठंही नाही. मुंबईजवळ त्यांना गाठायचं तर ओली तांबडी माती, दाट सावली आणि भरपूर गांडुळं हवीत. माथेरानला तिन्ही आहेत.

एका जातीला फिप्सन यांचं नाव आहे. हर्बर्ट फिप्सन हे मुंबईतले वाइनचे व्यापारी. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ साली स्थापन झाली तेव्हा तिच्याकडे स्वतःची जागा नव्हती, आणि संग्रह ठेवायला फिप्सन यांनी आपल्या फोर्टातल्या दुकानाची जागा दिली. सोसायटीच्या आठ संस्थापकांत दोन मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. मला नेहमी वाटतं की त्या दुकानात बाटल्यांशेजारच्या बरण्यांत साप बघून गिऱ्हाइकं काय म्हणत असतील.

तर गांडुळं. बाजारपेठेच्या अलीकडे वाटेवर पेव्हर ब्लॉक घातलेत. रात्रभर पाऊस होता, बिळांत पाणी शिरलेलं, आणि सकाळी गांडुळं वाटेवर आलेली, काही लांब, काही टापांखाली चिरडलेली. भाऊ दहा पावलं पुढे होता. तो एकदम खाली बसला.

काळपट जांभळट अंग, बाजूने पिवळा पट्टा, वीतभराहून थोडा लांब. मोठ्या खवल्यांचा खापरखवल्या. पावसाच्या पाण्यात अंगावर इंद्रधनुषी झाक येत-जात होती. ती झाक खवल्यांवरच्या अतिसूक्ष्म रेषांमुळे येते, आणि त्याच रेषांमुळे चिखल अंगाला चिकटत नाही. आणि हे जनावर फसलं होतं. ते दोन ब्लॉकच्या फटीत नाक खुपसायचं, जोर लावायचं, फट पुरत नाही म्हणून मागे घ्यायचं, पुढच्या फटीत पुन्हा खुपसायचं. मातीत असताना हा साप कातडीच्या आतल्या आत पाठीचा कणा वळवून पुढचं अंग फुगवतो, बिळाच्या भिंतीला पक्का टेकतो आणि मग डोकं पुढे रेटतो. इथं टेकायला भिंतच नव्हती. अंग फुगायचं, सैल पडायचं. मी इतक्या जवळ उकिडवी बसले होते की ते फुगणं मोजता येत होतं.

तेवढ्यात मागून घोडे. भाऊ आणि मी उघड्या छत्र्या आडव्या धरून वाटेत उभे राहिलो. पहिल्या घोडेवाल्याने लगाम खेचला. घोड्यावरच्या बाई किंचाळल्या, पण साप बघून नाही, छत्रीला घोडा बिचकला म्हणून.

"काय आहे?" घोडेवाले दादा खाली उतरले. "अरे, हा दोन तोंड्या! सहा महिने इकडून चालतो, सहा महिने तिकडून."

भावाने त्यांना शेपटीचं टोक दाखवलं, मग डोकं, मग डोळा. दादा वाकून बघत राहिले. "म्हणजे हे ढुंगण?" म्हणाले. घोड्यावरच्या बाई आता खाली उतरल्या होत्या आणि फोनने व्हिडिओ घेत होत्या. पाच मिनिटांत तिथं घोडे, ई-रिक्षा आणि छत्र्या यांची कोंडी झाली. माथेरानला मोटारी नाहीत म्हणतात, पण ट्रॅफिक जाम होतोच, हे नव्याने कळलं. सापाला कडेची माती सापडायला आणखी थोडा वेळ लागला. नाक आत गेलं आणि मग सगळं अंग, अजिबात घाई न करता. शेवटी शेपटीचा तो खरखरीत तुकडा मातीशी सपाट झाला. तिथं बीळ आहे हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

रविवार

पायथ्यापर्यंत पावसात. काहीच दिसलं नाही. नेरळला वडापाव.

मंगळवार, नागपंचमी

नोंदी भरायचं काम बाकी होतं, ते केलं. मांजऱ्या आणि खापरखवल्या यांची नेमकी जागा मी मुद्दाम लिहिली नाही, इथंही लिहिणार नाही, कारण आरेतली ढोली कळली की पुढच्या रविवारी तिथं दहा कॅमेरे आणि एक काठी पोचते. पोवळ्याची जागा मात्र किलोमीटरच्या दगडासकट लिहिली. त्या रस्त्याबद्दल कुणी कधी काही ठरवायला बसलं तर उपयोगी पडेल.

दुपारी गोराईहून फोन. मावशी.

"गो, तुजा साप आयलेला."

"कुठे?"

"फगान. रातचा. मऊ चिंबोरी व्हती फगान, तिचा पाय तोरून बसलेला मेला. डोलं बारीक, अंगाव चकचक."

डोळे वर होते की बाजूला? बाजूला. शेपूट समुद्री सापासारखी चपटी होती का? नाही, गोल. मी उभीच राहिले. फोटो काढला का विचारलं.

"फोटो कसला? एका हातान फग, एका हातान बत्ती. सोरला त्याला. आज त्याचा सण हाय ना."

फोटो नसेल तर नोंद होत नाही, हे त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या अवसेला यायचं तर येताना चांगला टॉर्च घेऊन ये म्हणाल्या, त्यांच्या मुलाचा पाण्यात पडलाय.